पिंजऱ्यातील पाखरू आणि खानदेशचा उन्हाळा

पाखरू पाळण्याची हौस जुनी आहे. घरात लहान मूल असले म्हणजे केव्हा ना केव्हा पिंजऱ्याचा हट्ट होतो, आणि बाजारातून रंगीत पाखरांची एक जोडी घरी येते. पहिले आठ दिवस सारे घर तिच्याभोवती जमते. खरी परीक्षा पुढे असते. जो जीव घरात आणला त्याचे शरीर कसे चालते, हे ज्याने जाणून घेतले नाही त्याच्या हातून त्या जिवाचे हाल होतात. तेही दुष्टपणाने नव्हे, केवळ अज्ञानाने.

प्रथम पाखरू कोणते, याचा विचार करावयास हवा. ओसरीवर टांगलेला हिरवा पोपट हे पूर्वी खानदेशातील वाड्यांतून नित्य दिसणारे दृश्य होते. परंतु १९७२ च्या वन्य जीव संरक्षण अधिनियमाने येथील रानपाखरांना संरक्षण दिले असून, देशी पोपट, मैना, मुनिया ही पाखरे पकडणे, विकणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा आहे. झाडाच्या ढोलीतून उचललेली पोपटाची पिल्ले घरी येईपर्यंतच कित्येक मरतात, हे त्या कायद्यामागील दुःख आहे. रानच्या पाखराचा आनंद रानातच घ्यावा. सुगरणीच्या खोप्यावर कविता रचणाऱ्या बहिणाबाई चौधरी जळगावजवळच्या आसोद्याच्या. त्यांनी पाहिलेला खोपा झाडालाच टांगलेला होता.

ज्यांना पाखरू पाळावयाचेच आहे त्यांच्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले बजरीगर हे पाखरू आहे. बाजारात त्याला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः त्या नावाचे पक्षी आफ्रिकेचे आणि निराळे. बजरीगराच्या नावात बाजरी दिसते आणि बाजरी त्याला प्रियही आहे. पण ते नाव ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेले आहे. जॉन गूल्ड या पक्षिशास्त्रज्ञाने १८४० साली ही पाखरे जिवंत इंग्लंडात नेली आणि तेथून ती जगभर पसरली.

यांचा मूळ मुलूख ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरडा प्रदेश. तेथे पाणी आटले की थवेच्या थवे उडून दुसरीकडे जातात. पाऊस पडून गवताला दाणा धरला की झाडांच्या ढोलीत अंडी घालतात. अवर्षणावर आणि उन्हावर या पाखरापाशी एकच मोठा उपाय आहे, तो म्हणजे पंख. पिंजऱ्याचे दार लागले की तो उपाय संपतो. त्याच्या पंखांचे काम तेव्हापासून पाळणाऱ्याने करावयाचे असते.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही वर चढतो. पक्ष्याला घाम येत नाही. त्याच्या अंगची उष्णता मुळातच ४१ अंशांच्या आसपास. ती वाढू लागली की तो चोच उघडून धापा टाकतो आणि पंख अंगापासून दूर धरतो. हे लक्षण दिसताच त्याला थंड खोलीत न्यावे, पायांवर पाण्याचा हलका शिडकावा करावा. बर्फाच्या पाण्यात मात्र बुडवू नये. पत्र्याच्या छपराखाली किंवा पश्चिमेच्या गच्चीत पिंजरा टांगणे म्हणजे त्याचा जीव घेणे होय. आतल्या खोलीत, वाळ्याच्या पडद्याच्या गारव्यात, पण कूलरचा झोत अंगावर येणार नाही अशा जागी तो ठेवावा, आणि पाणी दिवसातून दोनदा बदलावे.

पिंजरा स्वयंपाकघरात असू नये. पक्ष्याच्या शरीरात फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्या असतात आणि हवेतील विष त्याला माणसाच्या आधी बाधते. म्हणूनच इंग्लंडच्या कोळशाच्या खाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी नेत असत. न चिकटणारा तवा फार तापला तर त्याच्या वाफेनेही पाखरू दगावते. आहारात बाजरी आणि राळे असावेत, पण केवळ दाण्यावर राहिलेल्या पाखराला ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडते. यास्तव पालक, कोथिंबीर, गाजर रोज द्यावे. अंड्याच्या कवचाला चुना लागतो, त्यासाठी समुद्रफेस टांगावा. विष्ठेची वाळलेली धूळ उडू देऊ नये. पोपटाच्या जातीपासून माणसास जडणारा सिटॅकोसिस हा ज्वर १९२९-३० मध्ये अनेक देशांत पसरला होता.

आता वीण. पूर्ण वाढलेल्या नराच्या चोचीवरील मांसल भाग बहुधा निळा, मादीचा तपकिरी. मडके टांगले की मादी आत शिरते, एक दिवसाआड एक अशी चार ते सहा अंडी घालते आणि एकटीच उबवते. नर तिला भरवतो. सुमारे १८ दिवसांनी पिल्ले निघतात आणि महिना-पाच आठवड्यांत मडक्याबाहेर येतात. दोन हिरव्या पाखरांच्या पोटी निळे पिल्लू निघाले म्हणजे घरात नवल होते. हिरवा रंग हा निळ्यावर चढलेल्या पिवळ्या रंगद्रव्याचा परिणाम. पिवळे नसण्याचा गुण दोघांतही दडलेला असला, तर सरासरीने चारांत एक पिल्लू निळे होते.

पिल्लांच्या लोभाने मडके वर्षभर टांगलेले ठेवणे हा मात्र अन्याय आहे. मादी अंडी घालीतच राहते, तिच्या हाडांतील चुना झिजतो आणि एखादे अंडे अडून ती मरते. रानात पाऊस तिचा हंगाम ठरवतो. खानदेशातही मडके पाऊस पडल्यावर टांगावे, दोन विणी झाल्या की उतरवावे, आणि चैत्र-वैशाखात तर टांगूच नये.

आजारी पाखरू आपले दुखणे लपवते, कारण रानात दुबळ्यावर शिकारी झडप घालतो. म्हणून पिसे फुलवून कोपऱ्यात बसलेल्या पाखराकडे पाहून ‘झोपले असेल’ असे म्हणून चालत नाही. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. एवढे रोज पाहणे ज्या घरास शक्य आहे त्याने खुशाल पाखरू पाळावे. ज्यास शक्य नाही त्याने अंगणात पाण्याचे एक परळ भरून ठेवावे. वैशाखातल्या दुपारी त्यावर जमणाऱ्या चिमण्या-बुलबुलांना पिंजरा लागत नाही.