साहेबाने सांधा बदलला तर

अमेरिकेतील रेल्वेवर एखाद्या अधिकाऱ्याने स्वतः सांधा बदलला किंवा टेलिफोनवरून गाडीचा हुकूम उतरवून घेतला, तर तेवढ्या पाच मिनिटांच्या कामावरून कामगार संघटना दावा लावते, हे बाहेरच्या माणसाला निव्वळ हट्टाचे वाटते. या दाव्यांचे मूळ मात्र करारातील ‘स्कोप रूल’ नावाच्या कलमात आहे. कोणते काम कोणत्या संघटनेच्या सभासदांकडेच राहील, याची हद्द हे कलम आखते.

तारमास्तरांचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्यांनी एकमेकींना कोठे वाट द्यावी, हे नियंत्रक ठरवीत असे. तारमास्तर तो हुकूम पातळ कागदावर उतरवून घेई, शब्दन् शब्द परत वाचून दाखवी आणि गाडी थांबणार नसेल तर काठीला अडकवून ड्रायव्हर व गार्ड यांच्या हाती पोचवी. विसाव्या शतकाच्या आरंभी तारेच्या जागी टेलिफोन येऊ लागला, तेव्हा मोर्स लिपी न जाणणाऱ्यालाही हे काम करता येऊ लागले. तारमास्तरांच्या अनेक करारांत म्हणूनच असे बंधन असे की, जेथे तारमास्तर नेमलेला आहे तेथे हुकूम त्याने किंवा नियंत्रकानेच हाताळावा, आणि आणीबाणीत दुसऱ्याने हाताळला तरी तारमास्तराला त्याबद्दल कळवून, कामावर बोलावल्याप्रमाणे मोबदला द्यावा.

दाव्याची रक्कम क्षुल्लक असली तरी शेजाऱ्याने दरवर्षी वीतभर बांध कोरावा तसा हा प्रकार आहे. पहिल्या वर्षी गप्प बसणाऱ्याला पुढे हद्द दाखवता येत नाही. कारण कलमात कामाचे वर्णन न देता नुसती पदांची नावे असतील, तर ते काम संपूर्ण रेल्वेवर वहिवाटीने आपल्याच सभासदांकडे होते हे संघटनेला सिद्ध करावे लागते, आणि न हटकलेला प्रत्येक अपवाद तिच्याविरुद्ध पुरावा ठरू शकतो.

1926 चा रेल्वे कामगार कायदा अशा, म्हणजे चालू कराराचा अर्थ लावण्याच्या, तंट्यांना लागू होतो. 1934 च्या दुरुस्तीने त्यांच्यासाठी रेल्वे कंपन्या व संघटना यांच्या समसमान प्रतिनिधींचे मंडळ स्थापन झाले. मते समान पडली की तटस्थ पंच नेमला जातो. मंडळापुढे असलेल्या तंट्यावरून संप करता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये दिला. संपाचे हत्यार असे हातातून गेल्यावर संघटनांनी कागदी दाव्यांचा आधार घेतला, यात नवल ते काय?

संपकाळात मात्र हीच हद्द वेगळ्या रीतीने कसोटीला लागते. 1963 च्या जानेवारीत फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेवर, प्रत्यक्ष गाडी न चालवणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी वेतनवाढीसाठी संप पुकारला. ड्रायव्हर व गार्ड यांनीही पिकेटिंग ओलांडण्यास नकार दिला, तेव्हा कंपनीने पर्यवेक्षक आणि बदली माणसे घालून मालगाड्या सुरू केल्या. हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. 1966 च्या निकालाने संपातही गाड्या चालवण्याचा कंपनीचा हक्क मान्य केला, पण बदली माणसांची अपुरी संख्या किंवा त्यांचा अननुभव यांमुळे जेवढे खरोखर अपरिहार्य असेल तेवढ्यापुरतेच करारापासून दूर जाता येईल, असे बंधनही तिच्यावर घातले.