पेढीवरचे नाना आणि मायबोलीचे नाना



ग्रंथालयाच्या शताब्दीत एका सावकाराचे चरित्र कशासाठी, असे कोणी विचारील. पेठेतल्या देणगीवाचून आपल्याकडील किती जुनी वाचनालये तगली असती, हा प्रश्नच त्याचे उत्तर आहे.

जगन्नाथ उर्फ नाना शंकरशेट यांचा जन्म १८०३ चा. १८२२ साली वडील वारले आणि एकोणिसाव्या वर्षी मुंबईतील पेढीचा भार त्यांच्यावर पडला. अरब व अफगाण व्यापारी बँकांपेक्षा नानांच्या पेढीवर विश्वासून पैसा ठेवीत. हीच पत पुढे त्यांचे सार्वजनिक भांडवल ठरली. १८५२ साली ‘बॉम्बे असोसिएशन’च्या स्थापनेत ते अग्रभागी होते, १८६२ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांची नेमणूक झाली.

नाना बंडखोर नव्हते. अर्ज, विनंती आणि सनदशीर मार्ग हीच त्यांची राजनीती. धर्माचारात ते जुन्या वळणाचे. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवण्याचा बेत निघाला, तेव्हा लोकांच्या भावनेसाठी ते सरकारपुढे उभे राहिले. मात्र याच नानांनी मुलींच्या शाळेला आपल्या वाड्यात जागा दिली. जुने जपणे आणि नव्याला दार उघडणे यांत त्यांना विरोध दिसला नाही.

आपल्याला विशेष जवळचा प्रसंग १८४७ च्या सुमाराचा. शिक्षण मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी उच्च शिक्षण इंग्रजीतूनच द्यावे या मताचे होते. पेरी सरन्यायाधीशाच्या योग्यतेचे गृहस्थ. त्यांच्याशी वाद घालणे सोपे नव्हते. फ्रामजी कावसजी, महंमद इब्राहिम मकबा आणि कर्नल जर्व्हिस यांच्यासह नानांनी देशी भाषांची बाजू घेतली. इंग्रजीचे महत्त्व ते जाणून होते. पण मूठभरांपुरते राहिलेले ज्ञान समाजाचे होत नाही, हा त्यांचा हिशेब पक्का होता.

१९५६ च्या भाषावार पुनर्रचनेनंतर मच्छे आणि बेळगाव-निपाणीच्या आपल्या मुलुखात हा हिशेब वेगळ्या रीतीने मांडावा लागतो. येथे मराठी वाचणे सवयीवर सोडून भागत नाही. ते जपावे लागते. कन्नड शेजाऱ्याशी स्नेह राखूनही आपल्या भाषेचे कपाट भरलेले ठेवता येते.

३१ जुलै १८६५ रोजी नाना निवर्तले. पेढी चालते ती ठेवीदारांच्या विश्वासावर. वाचनालयही तसेच. मागच्या पिढ्यांनी येथे ठेवलेली ठेव व्याजासह पुढच्यांच्या हाती देणे, हे आपणा सर्वांचे देणे आहे.