मालाला घड्याळ, माणसाला नाही
(मेहकरच्या तरुणांपुढे केलेलं भाषण)



तुमच्या मेहकर-सिंदखेडराजावरून समृद्धी महामार्ग गेला. तिकडं मलकापूर-नांदुऱ्यावरून सुरतेचा जुना हायवे जातो. दोन्हींवर रात्रभर ट्रक पळतात. एमएच २८ ची एखादी गाडी आमच्या मुंबईच्या गोदीतही येते. गेटवर गाडीचा नंबर लिहितात, माल लिहितात, आत आल्याची वेळ लिहितात. ड्रायव्हर किती तासांचा जागा आहे, ते कोणी लिहीत नाही. त्या कागदावर तसा रकानाच नाही. त्याच रकान्याबद्दल मला आज बोलायचंय.

मालाला घड्याळ आहे. ई-वे बिलात २०० किलोमीटरला एक दिवस, मुदत गेली की दंड. गाडीला घड्याळ आहे. फास्टॅगमुळं टोलनाक्यावरची वेळ मिनिटासकट मालकाच्या मोबाईलवर जाते. घड्याळ नाही ते फक्त माणसाला!

कायदा नव्हता असं नाही. १९६१ च्या मोटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स ॲक्टनं दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ठरवले. लांब पल्ल्याला सवलत दिली तरी १० आणि ५४ च्या वर नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानं तेच तास धरले आणि नोंदीचंही म्हटलं. पण नीट वाचा, नोंद कशाची? आधी ठरवून दिलेल्या तासांची. प्रत्यक्षात स्टिअरिंग किती तास हाणलं, त्याची नाही. म्हणजे मालकानं ८ लिहायचे अन् ड्रायव्हरनं १८ ओढायचे.

१९६१ चा कायदा पाच कामगारांपासून लागू होता. नोव्हेंबर २०२५ ला नव्या कामगार संहिता आल्या, तो कायदा गेला. आता दहा कामगार पाहिजेत. दोन ट्रक, दोन ड्रायव्हर, दोन क्लीनर असलेला मालक आधीच बाहेर होता. आता चार ट्रकवालाही सुटला.

वतनाच्या महारकीला तास नव्हते. हाक आली की निघायचं. ते वतन बदलायला बाबासाहेबांनी १९२८ ला मुंबई कौन्सिलात बिल आणलं. १९४६ ला मजूरमंत्री असताना कारखान्याचा आठवडा ५४ वरून ४८ तासांवर आणणारं बिल त्यांनीच मांडलं. पण कारखान्याला गेट आहे, भोंगा आहे, मस्टर आहे. ट्रकमध्ये मालकाचा फोन हीच हाक, अन् तोच भोंगा.

ऑगस्ट २०२१ ला सिंदखेडराजा तालुक्यात समृद्धीच्याच कामाचं लोखंड नेणारी गाडी उलटली, १३ मजूर मेले. १ जुलै २०२३ ला पिंपळखुट्याजवळ बस पेटली, २५ माणसं गेली. त्यांची कारणं मी सांगत नाही. पण कुठलाही अपघात झाला की ड्रायव्हरबद्दल प्रश्न ठरलेले. प्यायला होता का? झोपला होता का? किती तास जागा होता, हे कोणी विचारत नाही. विचारलं तरी दाखवायला कागद नाही.

अमेरिकेत ट्रकच्या यंत्रात नोंद होते. सलग १० तास सुटी घेतल्यावर जास्तीत जास्त ११ तास चालवायचं. कंपनीनं नोंद ६ महिने ठेवायची. कंपनीनं बदल सुचवला तरी ड्रायव्हरनं मान्य करून सही द्यावी लागते. तिथला ड्रायव्हर सुखात आहे असं मी म्हणत नाही. पण वहीवर त्याचा हात आहे. आपला हिशेब मात्र आजवर दुसऱ्यांनीच लिहिला, सावकारानं लिहिला, मुकादमानं लिहिला.

तुम्ही शिकलेली पोरं आहात. वस्तीतल्या प्रत्येक ड्रायव्हरला एक वही द्या. तारीख, निघालो, थांबलो, झोपलो, गाव. बस, पाच रकाने. डिझेलची, वजनकाट्याची पावती त्यातच ठेवायची. ज्याला लिहिता येत नाही, तो घरी आला की त्याच्याजवळ बसून तुम्ही लिहा. एक वही मालक फाडून टाकील. शंभर वह्या घेऊन आरटीओत अन् कामगार ऑफिसात जाऊ. मागणी एकच : केलेल्या तासांची नोंद, तिच्यावर ड्रायव्हरची सही, एक प्रत त्याच्या खिशात. कामगार दोन असोत की दहा.

जयभीम.