द्रोह कोणाचा?



सरकारविरुद्ध उठण्याचा अधिकार प्रजेला केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न फार जुना आहे. आम्हां ख्रिस्ती लोकांपुढे तो अंमळ अधिकच अवघड होऊन उभा राहतो. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात राजसत्तेच्या आज्ञेत राहण्याचा उपदेश आहे आणि राज्यकर्त्यांना तो अध्याय नेहमीच विशेष प्रिय वाटत आला आहे!

तेराव्या शतकातील संत थॉमस अक्वायनस यांनी मात्र या प्रश्नाचा अधिक सूक्ष्म विचार केला. जी सत्ता लोकहित सोडून राज्यकर्त्याच्या स्वहितासाठी चालते ती न्याय्य नव्हे. सबब तिला हादरा देणे हा राजद्रोह होत नाही. उलट, आपली सत्ता निर्वेध राहावी म्हणून प्रजेत कलह माजविणारा जुलमी राजाच खरा द्रोही होय, असे त्यांचे मत. पण लगोलग ते एक अट घालतात. उठावापासून प्रजेला होणारी हानी जुलमाच्या हानीहून अधिक असता कामा नये. मला या तत्त्वापेक्षा ही अटच मोलाची वाटते. जुलूम ओळखणे फारसे कठीण नाही. हा हिशेब मांडणे कठीण आहे.

गोमंतकाचेच उदाहरण घेऊ. १९३० च्या वसाहतविषयक कायद्याने वसाहतींचा कारभार लिस्बनने आपल्या मुठीत घट्ट आवळला होता. सभा भरवावयाची तर आधी परवानगी, मजकूर छापावयाचा तर आधी तपासणी. लग्नपत्रिकादेखील या तपासणीतून सुटत नसे. अशा ठिकाणी 'अर्ज करा, धीर धरा' या उपदेशाला अर्थ तो काय उरतो? जेथे न्यायालये व निवडणुका खुल्या आहेत, तेथे सरकार कितीही चुकले तरी माझे उत्तर निराळे असेल. परंतु गाऱ्हाणे मांडणे हाच जेथे गुन्हा, तेथे कायदा मोडल्याचे पातक मोडणाऱ्याच्या माथी येत नाही.

१८ जून १९४६ रोजी मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि असोळण्याचे डॉ. जुलियांव मिनेझिश यांनी नेमका हाच कायदा मोडला. हाती शस्त्र नव्हते. परवानगीवाचून बोलावयाचे आणि त्याची शिक्षा स्वतः भोगावयाची, एवढाच त्यांचा बेत. दोघांनाही अटक झाली. अक्वायनसांची अट येथे पुरी होते, कारण हानी सोसणारा तो सत्याग्रहीच. पुढे आझाद गोमंतक दलाने शस्त्र हाती घेतले. त्यांच्या देशभक्तीविषयी मला शंका नाही. तथापि गोळी सुटली की तिची किंमत कोण मोजील, हे सोडणाऱ्याच्या हाती राहत नाही. म्हणून तेथे हिशेब अधिक काटेकोर हवा.

१९४० च्या करारांनी चर्च व पोर्तुगीज राज्य यांचे संबंध फार निकटचे केले होते. त्यामुळे कित्येक भाविकांना सरकारविरोध म्हणजे धर्मविरोध वाटे. चांदरच्या ख्रिस्ती घराण्यातील त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी तसे मानले नाही. जुलै १९४६ मध्ये त्यांना पकडण्यात आले. लष्करी न्यायासनाने आठ वर्षांची सजा फर्मावून त्यांना पोर्तुगालातील पेनिश किल्ल्यात धाडले. १९५३ साली ते पोर्तुगालातून निसटून मुंबईस आले आणि तेथेच १९५८ मध्ये निवर्तले. गोवा मुक्त होण्यास तेव्हा तीन वर्षे अवकाश होता.