काटा आणि उतारा



कसबा बावड्यास छत्रपति राजाराम सहकारी साखर कारखाना आहे. तेथें ऊस घालणारा प्रत्येक शेतकरी जाणतो, कीं काटा उसाचें वजन सांगतो. त्यांत साखर किती, तें सांगत नाहीं. तो उतारा प्रयोगशाळेंतील तपासणीवरूनच ठरतो. आजचा विषय माणसाच्या अवधानाचा आहे. पण काटा आणि उतारा यांतील हा भेद आपणांस तेथेंहि उपयोगी पडेल.

अलीकडे पुष्कळ सुशिक्षित माणसें मोबाईलवर एखादी प्रश्नावली उघडतात, खुणा करतात, आणि आपणांस एडीएचडी, म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता हा विकार, आहे कीं काय, तें पाहतात. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. या विकाराचा एक प्रकार फार अबोल असतो. त्यांतील मूल वर्गांत धिंगाणा घालीत नाहीं. तें निमूटपणें बसतें, चित्त मात्र भलतीकडे असतें. चंचलतेवांचूनहि अवधानन्यूनता असूं शकते, हें अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणानें १९८० सालीं नोंदविलें. तरीहि अशीं मुलें, विशेषतः मुली, सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहींत. ‘वेंधळी’, ‘धांदरट’ अशीं नांवें घेऊन त्या मोठ्या होतात, आणि पुढें स्वतःसहि तींच नांवें देतात.

या प्रश्नावलींपैकीं एक फार प्रचलित प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानें तयार होऊन २००५ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत १८ प्रश्न असून प्राथमिक चाळणी पहिल्या ६ प्रश्नांवर होते. त्यांपैकीं ४ उत्तरें ठराविक मर्यादेपलीकडे गेलीं, तर पुढील तपासणी करावी, असा संकेत आहे. पण या सहांत अनवधानाचे प्रश्न चारच: कामाचा शेवटचा भाग उरकणें, व्यवस्था लावणें, ठरलेल्या भेटी लक्षांत ठेवणें, आणि डोकें चालवावें लागणारें काम पुढें ढकलणें. उरलेले दोन चंचलतेचे. म्हणून जी व्यक्ति मुळींच चंचल नाहीं, तिचीं चारहि उत्तरें त्या बाजूस पडावीं लागतात. तीन पडलीं, तर ती चाळणींतून गळते. उलट जागरण, थायरॉइडचा दोष, चिंता किंवा औदासीन्य यांमुळेंहि तींच उत्तरें येऊं शकतात. असा हा काटा दोन्ही बाजूंनीं फसवूं शकतो.

उतारा काढण्याची रीत निराळी आहे. त्याच वर्गीकरणाच्या २०१३ च्या पांचव्या आवृत्तीप्रमाणें अनवधानाच्या ९ लक्षणांपैकीं १७ वर्षें व त्यापुढील वयाच्या व्यक्तींत निदान ५ हवींत. तीं ६ महिने टिकलेलीं, घर व कचेरी अशा दोन ठिकाणीं तरी दिसणारीं, आणि कामांत बाध आणणारीं असावींत. शिवाय त्यांतील कांहीं १२ व्या वर्षापूर्वीं दिसलेलीं असलीं पाहिजेत. ही शेवटची गोष्ट कोणताहि मोबाईल सांगूं शकत नाहीं. ती ट्रंकेंतील जुन्या प्रगतिपुस्तकांतील शेऱ्यांत असते, किंवा घरांतील वडीलधाऱ्यांच्या स्मरणांत.

म्हणून ज्यांस शंका वाटते, त्यांनीं प्रश्नावली अवश्य भरावी. पण आंकडा लिहून न ठेवतां उदाहरणें लिहावींत: कोणतें बिल राहिलें, कोणती भेट चुकली, वर्गांत काय होत असे. तो कागद घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे जावें. कोल्हापुरांत सीपीआर रुग्णालय आहे. आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य आहे. तज्ज्ञांच्या निदानापूर्वीं कोणाचें औषध मागून घेऊं नये.

आणि घरांतील वडीलधाऱ्यांस एक विनंति. चाळिशींतील लेक जेव्हां विचारील, “आई, लहानपणीं मी कशी होतें ग?”, तेव्हां “असें सगळ्यांचेंच होतें” म्हणून विषय मोडूं नका. क्षणभर आठवा, आणि जसें होतें तसें तिला सांगा.