मृत्युपत्रांतील दानधर्म
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेंत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आनंदाच्या दिवसांत मरणाची गोष्ट काढणें कांहींसें अप्रशस्त वाटेल. परंतु ज्यांच्या घामानें व दानानें हें मंदिर उभें राहिलें, ते आपले पूर्वज आज कबरस्तानांत विश्रांति घेत आहेत. त्यांची आठवण करतांना आपल्याही संसाराची निरवानिरव कशी व्हावी, हा विचार अस्थानीं ठरूं नये.

तुमच्यांपैकीं कित्येक मनांत म्हणत असतील कीं, फादर आतां मंदिरासाठीं वाडी मागणार! म्हणून प्रथमच सांगून टाकतों, मुलाबाळांच्या तोंडचा घास काढून दिलेलें दान आम्हांस नको. यांत आमचा मोठेपणा कांहीं नाहीं. सुमारें सोळाशें वर्षांपूर्वीं हिप्पोचे बिशप संत ऑगस्टीन यांनीं आपल्या एका प्रवचनांत हेंच बजावलें आहे. जो बाप मुलास वारशांतून काढून सारी मिळकत ख्रिस्तसभेस देऊं पाहतो, त्यानें तें दान घेणारा दुसरा कोणी शोधावा, असें त्यांचें म्हणणें. त्याच प्रवचनांत ते कार्थेजचे बिशप ऑरेलियस यांची हकिकत सांगतात. एका निपुत्रिक गृहस्थानें आपली मिळकत, हयातीपुरता उपभोग राखून, ख्रिस्तसभेस देऊन टाकली. पुढें त्यास मुलें झालीं. तेव्हां त्यानें मागितलें नसतां, त्याच्या मनींही नसतां, बिशपांनीं सर्व परत केलें. परत न करण्याचा अधिकार कायद्यानें त्यांस होता, तरीही केलें. दान किती द्यावें याचें मापही संत ऑगस्टीन यांनीं सोपें करून ठेविलें आहे: एक मुलगा असेल तर ख्रिस्त हा दुसरा समजावा, दहा असतील तर अकरावा. म्हणजे सर्वस्व नव्हे, एका मुलाचा वांटा. आमच्या मतें यापेक्षां चांगला हिशेब अद्याप कोणी मांडलेला नाहीं.

आतां कायद्याचें पाहूं. मृत्युपत्र न करतां ख्रिस्ती गृहस्थ वारला, तर १९२५ चा भारतीय वारसा कायदा त्याची वांटणी करतो. पत्नीस एक तृतीयांश, आणि उरलेलें दोन तृतीयांश मुलामुलींस सारखें. मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक असूनही ठाऊक नसते! पण मुलेंबाळें असतां त्या गृहस्थाच्या वृद्ध आईस या वांटणींत कांहींच मिळत नाहीं. म्हणून ज्याची आई हयात आहे, त्यानें मृत्युपत्रांत पहिली तरतूद तिच्यासाठीं लिहावी. मंदिराची व गोरगरिबांची पाळी त्यामागून.

मृत्युपत्रानें धर्मादाय करण्याची मोकळीक आपणां ख्रिस्ती लोकांस फार उशिरां मिळाली. या कायद्याच्या ११८ व्या कलमाप्रमाणें, ज्यास पुतण्या, भाची किंवा त्याहून जवळचें नातें आहे, त्यानें धर्मादायास मिळकत द्यावयाची तर मृत्युपत्र मरणापूर्वीं निदान १२ महिने केलेलें असावें, आणि केल्यापासून ६ महिन्यांच्या आंत तें कायद्यानें नेमलेल्या ठिकाणीं ठेविलेलें असावें, अशी अट होती. मरणाची तारीख आधीं कोणास कळते? हिंदु व मुसलमान बांधवांस ही अट नव्हती. केरळांतील फादर जॉन वल्लमट्टम यांनीं याविरुद्ध दाद मागितली, आणि २००३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तें कलम समतेच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केलें. ती जुनी अट सांगून आजही कोणी तुम्हांस भिववील, तर भिऊं नका.

तथापि त्या अन्यायी कलमाच्या मुळाशीं जी शंका होती, ती अगदींच खोटी होती असें आम्हांस म्हणवत नाहीं. मरणोन्मुख माणसाच्या भीतीचा फायदा कोणी घेऊं नये, हीच ती शंका. धर्मगुरु अभिषेकाचें तेल घेऊन येतो, तेव्हां उशाशीं दस्तऐवज व शाईची डबी नसावी. जें लिहावयाचें तें अंगांत बळ असतां, पत्नीशीं बोलून, मुलांच्या कानांवर घालून लिहावें. मुलांस जी गोष्ट बापाच्या तोंडून कळते, ती त्यांस सहसा खुपत नाहीं. तीच कबरेवरची माती ओली असतांना वकिलाच्या तोंडून कळली, म्हणजे भाऊ भावास पारखा होतो.

मृत्युपत्रास स्टँप लागत नाहीं. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि साक्षीदारास किंवा त्याच्या पत्नीस अथवा पतीस मृत्युपत्रांत ठेविलेलें दान फुकट जातें. तेव्हां ज्यांस कांहीं मिळावयाचें नाहीं असे दोन शेजारी बोलवा. आम्हांस बोलवूं नका. लग्नापूर्वीं केलेलें मृत्युपत्र लग्नानें रद्द होतें. विधुरानें पुन्हा लग्न केलें तर पुन्हा लिहावें. गोव्यांत ज्यांची मिळकत आहे त्यांनीं ध्यानांत ठेवावें कीं, तेथें पोर्तुगीज काळापासून रीत निराळी आहे; मुलेंबाळें असतां अर्धाच भाग स्वेच्छेनें देतां येतो.

शेतजमिनीविषयीं विशेष सावध राहावें. १९४८ च्या कूळकायद्यानें बिनशेतकऱ्यास शेतजमीन देण्यावर बंधन आहे. २०२० सालीं गुजरातेंतील एका दाव्यांत, त्याच कायद्याच्या तेथील रूपाचा अर्थ करतांना, सर्वोच्च न्यायालयानें तें बंधन मृत्युपत्रासही लागू धरलें. म्हणून वाडीचा तुकडा परस्पर ट्रस्टच्या नांवें लिहूं नये. जमीन मुलांस ठेवावी व बँकेंतील ठेवींतून दान द्यावें, हें बहुधा सोयीचें. तेंही ठराविक रकमेनें नव्हे, हिश्शानें लिहावें. रुपयाची किंमत घसरते, विसाव्या हिश्शाची घसरत नाहीं.

आणि कागद झालाच नाहीं, बाप तोंडीच सांगून गेला तर? कोर्ट अशा वेळीं बहुधा हात वर करील. पण १९८३ च्या धर्मसंहितेचा १२९९ वा नियम असा आहे कीं, धर्मादायाच्या मृत्युपत्रांत कायद्याच्या बाबी शक्यतों पाळाव्या. त्या राहून गेल्या असतील, तर मृताची इच्छा पुरी करण्याचें कर्तव्य वारसांस समजावून सांगावें. तें समजावण्याचें काम धर्मगुरूच्या वांट्यास येतें. तें फार अवघड काम आहे, बंधूंनो. तें आम्हांवर आणूं नका!

या धर्मग्रामाच्या ट्रस्टचें नोंदलेलें नांव व नोंदणी क्रमांक लिहिलेला कागद आमच्या कचेरींत मिळेल. मसुदा मात्र वकिलाकडे न्यावा, आणि पुरा झालेला कागद घरांत कोठें ठेविला आहे तें घरधनिणीस दाखवून ठेवावें.