अनवाणी संघ आणि एक दंतकथा

एका शब्दांत उत्तर देण्याचे प्रश्न विचारण्याची हौस हल्लीं घरोघरीं दिसते. फुटबॉलच्या खेळावर तर असे प्रश्न विपुल आहेत. कोणत्या सालीं कोणी किती गोल केले, कोण कोणत्या संघाचा नायक होता, असें विचारावें आणि उत्तर देणाऱ्यानें गुण मिळवावे. छंद निरुपद्रवी आहे. स्मरणशक्तीला व्यायामही घडतो. परंतु आयुष्यभर मुलांच्या उत्तरपत्रिका तपासलेल्या मास्तराला एवढें ठाऊक असतें कीं, सुटसुटीत उत्तर नेहमींच खरें असतें असें नाहीं.

यांतला सर्वांत लोकप्रिय प्रश्नच घ्या. १९५० सालीं ब्राझीलमध्यें जागतिक फुटबॉल स्पर्धा भरली, तींत भारताचा संघ कां गेला नाहीं? उत्तर ठरलेलें असतें: अनवाणी खेळण्यास मनाई होती म्हणून! ऐकणारा हंसतो आणि विषय संपतो.

खरी हकीकत निराळी आहे. गटांतील इतर देशांनीं माघार घेतल्यामुळें भारताला एकही सामना न खेळतां प्रवेश मिळाला होता. प्रवासखर्चाचा बराचसा भार उचलण्याची तयारीही यजमानांनीं दाखविली होती. परंतु प्रवास लांबचा, सरावास अवधि अपुरा, संघाच्या निवडीविषयीं मतभेद. आणि मुख्य म्हणजे आपल्या फुटबॉल-संघटनेला ऑलिंपिकपुढें या स्पर्धेचें महत्त्वच वाटलें नाहीं. त्या काळचे नामांकित बॅक शैलेन मन्ना यांनीं पुढें बुटांचें कारण साफ नाकारलें. शिवाय १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्येंही आपले कित्येक गडी अनवाणीच उतरले होते. तेथें युगोस्लाव्हियानें आपल्यावर १० गोल केले, आपला एकच झाला, आणि त्यानंतर आपल्याकडे बुटांची सक्ती आली. तात्पर्य, १९५० सालचा निर्णय कचेरींत झाला. त्याचा बोल मात्र खेळाडूंच्या पायांना लागला.

आणि ते पाय हंसण्यासारखे होते काय? २९ जुलै १९११ रोजीं कलकत्त्यास मोहनबागान संघानें ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या संघाला २-१ असें हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. मोहनबागानच्या ११ जणांपैकीं पायांत बूट होते ते एकट्या सुधीर चटर्जींच्या. प्रथम गोल झाला तो गोऱ्या पलटणीचा. मग शिबदास भादुरींनीं बरोबरी साधली आणि अभिलाष घोषांनीं विजयी गोल केला.

१९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें स्वतंत्र भारताचा संघ फ्रान्सशीं खेळला. बहुतेक गडी अनवाणीच होते. रामन यांनीं आपला एकमेव गोल केला. दोन पेनल्टी मिळाल्या, त्या दोन्ही वायां गेल्या, आणि सामना २-१ असा हातचा गेला. संघनायक होते तालिमेरेन आओ. ‘अनवाणी संघाचा नायक’ एवढ्यावर प्रश्नोत्तरांचें काम भागतें. पण नागा टेकड्यांतून आलेला हा तरुण कलकत्त्यास वैद्यकाचा अभ्यास करीत होता. पुढें ते डॉक्टर झाले आणि आपल्या डोंगरांत परतून तेथील लोकांची सेवा करीत राहिले. १९९८ सालीं त्यांचें देहावसान झालें. असें आयुष्य एका ओळींत कसें मावावें?

मुंबईकरांना एक नांव तर अगदीं घरचें वाटलें पाहिजे: नेव्हिल डिसोझा. मूळचे गोव्याचे, आणि मुंबईच्या टाटा संघाकडून खेळणारे. १ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्नला भारतानें ऑस्ट्रेलियावर ४-२ असा जय मिळविला, त्यांतले तीन गोल यांचे. ऑलिंपिकमध्यें हॅट्ट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू. त्या वर्षीं भारत चौथा आला.

त्या संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशानेंही ते शाळामास्तरच, म्हणून माझें प्रेम अंमळ अधिक! त्यांच्याच तालमींत तयार झालेल्या हैदराबाद पोलीस संघानें १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पांच वर्षें मुंबईचा रोव्हर्स कप नेला. १९६२ सालीं जकार्ताला रहीमसाहेबांच्या संघानें दक्षिण कोरियाला २-१ असें नमवून आशियाई सुवर्णपदक मिळविलें. आणि वर्ष उलटण्यापूर्वींच, जून १९६३ मध्यें, कर्करोगानें त्यांचा अंत झाला.

श्रोतेहो, प्रश्नोत्तरांचा खेळ अवश्य चालूं द्या. माझी विनंती इतकीच कीं, १९५० सालचा तो प्रश्न घरांत कोणी विचारला, तर एक गुण गेला तरी चालेल, पण बुटांचें उत्तर देऊं नका. त्याऐवजीं तालिमेरेन आओ कोण होते, तें मुलांना सांगा.